फौजी स्थळ

भूमचा दुकानदार नको, तेरचा मास्तर नको म्हणणाऱ्या शिवांजलीनं भरतीच्या वयोमर्यादेत कसाबसा बसून एकविसाव्या वर्षी अग्निवीर झालेल्या रुद्रेशला मात्र फोटो बघूनच होकार दिला. कुठंतरी पाणी मुरतंय, हे गिरिजाबाईनं वळखलं. तिनं लेकीला चुलीपाशी गाठलं.

"खरं सांग, आधीपासून वळखतीस त्याला?"

"न्हाय गं आई. चार वर्षांची नोकरी संपेपर्यंत त्याला लगीन करता येत न्हाय."

"मग?"

"नर्सिंगला नंबर लागलाय न्हवं माझा? तेबी चार वर्षांचंच हाय."

बाहेरून शिवांजलीच्या वडलांनी, शंकरप्पांनी विचारलं, "काय म्हणती पोरगी?"

"पसंत हाय म्हणती! उद्याच साखरपुडा उरकून टाका," गिरिजाबाई ओरडली आणि लेकीच्या कानाशी वाकली, "अंगठी घालेपर्यंत ही अट आप्पांना कळू देऊ नगंस."