जवळची चौकट

"पाणी," संगणकाने पाचव्यांदा सांगितलं.

मुलीने आईच्या ओठांना पेला लावला. आईने मान फिरवली. पाणी गळ्यावरून ओघळलं आणि गाऊन भिजला.

"मागतेस आणि पीत नाहीस. असं कसं चालेल, आई?"

आईला बोलता येत नव्हतं. अर्धांगाच्या झटक्याने वाचा नेली होती आणि हातही. मान तेवढी हलायची, तीही थरथरत. म्हणून मुलीने रजा काढून हा प्रोग्राम लिहिला होता. कॅमेरा आईची मान टिपायचा आणि मान वळेल तसा पडद्यावरचा बाण सरकायचा. बाण दोन सेकंद जिथे टेकेल तिथे आपोआप क्लिक व्हायचं. पाच चौकटी होत्या : पाणी, दुखतंय, झोप, हो, नाही. ज्या चौकटीवर क्लिक होईल, तो शब्द संगणक बोलायचा.

सुरुवातीला बाण माशीसारखा भिरभिरत राहिला. कुठेच टेकेना. मग मुलीने प्रोग्राममध्ये एक ओळ घातली : बाण कुठेही असो, सगळ्यात जवळच्या चौकटीने त्याला ओढून घ्यायचं. तेव्हापासून आई नुसतं पाणीच मागत होती.

चूक कुठे आहे, तेच कळेना. मुलीने प्रत्येक चौकटीत ठिपका काढून बाण स्वतःच्या मानेने चालवून पाहिला. सांगितलेली जागा त्याने केसभरही चुकवली नाही. आकडे दोनदा तपासले, कॅमेरा खालीवर केला, आईची उशी बदलली. सगळं चोख, आणि तरी पाणी.

"मी सांगते तिथे बघ. 'झोप'वर ने. हं... वर कुठे चाललीस? खाली."

बाण खाली आलाच नाही. तो वर, उजवीकडे निघाला आणि मध्येच वाटेतल्या पाण्याच्या चौकटीत खेचला गेला.

"पाणी."

मुलीने माऊस टेबलावर आपटला. "आठ दिवस डोकं फोडतेय मी इथे. कुणासाठी?"

आईने डोळे मिटून घेतले.

मावशी दारात उभी होती, धुतलेल्या चादरी हातावर घेऊन. "तिला जायचंय कुठे गं?"

"तेच सांगता यावं म्हणून तर हा खटाटोप."

"मघापासून बघतेय. ती कुठेतरी निघते आणि तुझं यंत्र तिला पाण्यावर नेऊन बसवतं. जाऊ दे की तिला, जातेय तिथे."

मुलीने बाण ओढणारी ती ओळ काढून टाकली, जरा रागानेच.

बाण पुन्हा थरथरू लागला. पाण्याच्या चौकटीला घासून गेला, मागे आला, पुन्हा वर चढला. आईच्या कपाळावर घाम आला. मुलीचा हात दोनदा माऊसकडे गेला. दोन्ही वेळा मावशीने मानेनेच नको म्हटलं. शेवटी बाण उजव्या टोकाच्या कोपऱ्यात जाऊन अडला. आता त्याला आणखी कुठे जायला जागाच नव्हती. तिथे एक बारीकशी फुली होती.

एक सेकंद. दोन.

प्रोग्राम बंद झाला.

आईने पडद्यावरची नजर काढली आणि मान वळवत, वळवत मुलीच्या चेहऱ्यापर्यंत आणली.

"काय गं आई?" मुलीने विचारलं, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा खुर्ची तिच्याकडे फिरवली.