कुंपणावरची शाल

किलिमांजारोच्या पायथ्याला, मक्याच्या शेताशी येऊन हत्तीण थांबली. सोंड उचलून तिनं कुंपणावरची लाल शाल हुंगली. सियानोई मक्यात उभी राहून बघत होती.

नवरा गेला तेव्हा वनरक्षक असलेला दीर म्हणाला होता, "वहिनी, दादाची शाल कुंपणाला बांधा. आपल्या मसाई पुरुषांच्या भाल्यांना हत्ती घाबरतात. नुसता वास आला तरी मागे फिरतात." सियानोई ती शाल न धुता उशाला घेऊन झोपायची. तरी तिनं ती बांधली, आणि हत्ती खरंच परतायला लागले.

पुढे पुढे तिला स्वतःला शालीला धुळीशिवाय कसलाच वास येईना. पण हत्ती अजून परतत होते. म्हणजे तो थोडाफार शिल्लक होता.

आज हत्तिणीनं सोंड खाली घेतली. छातीनं तार लोटली आणि पिलासकट सावकाश मक्यात शिरली.

"वहिनी, बघताय काय? डबा वाजवा!" दीर धावत येत ओरडला.

सियानोईनं डबा वाजवला. हत्ती गेल्यावरही वाजवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शाल सोडली आणि धुवायला नेली.