अडचणीचा रकाना

सोलापूरच्या आमच्या कॉलेजात दुसऱ्या दिवशी तपासणीची कमिटी येणार होती आणि माझी मेंटॉरिंगची फाईल कोरीच होती. बीएस्सीची वीस मुलं वर्षभर माझ्या नावावर. दर महिन्याला त्यांना भेटायचं, अडचणी विचारायच्या, असा नियम. म्हणून त्या दुपारी सगळ्यांना एकदमच बॉटनीच्या लॅबमध्ये बोलावलं.

सातवा नंबर वळसंगहून एसटीने येणाऱ्या प्रतीक्षाचा.

"बोल, तुझी अडचण काय?"

"काही न्हाय, मॅडम."

"काहीतरी सांग की गं. रकाना रिकामा ठेवता येत नाही."

ती मायक्रोस्कोपकडे बघत म्हणाली, "मग लिवा... वर्गात माज्याशी कुणीच बोलत न्हाय. डबा बी मी स्टँडवर जाऊन खाते."

मी लिहिलं. पुढच्या रकान्यात 'समुपदेशन केले' असं लिहून आठ महिन्यांच्या आठ सह्या तिच्याकडून घेतल्या. फाईलला फोटो लागतो, म्हणून तिला शेजारच्या खुर्चीत बसवलं, खांद्यावर हात ठेवला. शिपायाने मोबाईलवर फोटो काढला. मी हात काढून घेतला, तरी ती उठेना.

"मॅडम, कमिटी परत कधी येनार?"

"आता थेट पाच वर्षांनी. का गं, काही अडचण?"



"काही न्हाय, मॅडम."