चार बोटं वर

"किती उचलायची?" जॉर्ज मिस्त्रीने गाडीखालूनच विचारलं.

"ओढ्यातला खडक पोटाला घासला न्हाई पायजे. एवढंच मला कळतं," सहादेव म्हणाला.

जॉर्ज हात पुसत बाहेर आला. नागापूरला कारखान्यांची नवी वसाहत उभी राहत होती, तिच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं. सहादेवची पिकअप लष्कराच्या लिलावातली. ती घेतल्यापासून सहादेव वस्तीवर ऐटीतच हिंडायचा.

"सहादेवभाऊ, स्पष्ट सांगतो. ही काही जीप नाही. हिची पुढची चाकं नुसती वळतात, जोर लावतात ती मागचीच. गाडी उंच केली म्हणून जोर वाढत नाही. उलट वळणावर कलंडायची भीती."

"जोर हाय तेवढा पुरं. खडक तेवढा चुकीव."

"मग कमानपाट्याखाली ठोकळे घालून चार बोटं वर घेतो. त्याच्यावर एक बोट नाही. आणि ओढ्यात शिरताना मागं ओझं ठेवा, म्हणजे चाकं फिरत बसायची नाहीत."

"चार तर चार. घाल ठोकळे."

सहादेवचा जीव गाडीत नव्हता, पोरीत होता. त्याची एकुलती एक बनू वांबोरीला दिलेली. तिला सातवा लागला होता, ओटीही भरून झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत काही सहादेवने काढलेली नव्हती. पण त्याचे व्याही पुंजाराम अडून बसले होते. त्यांचा निरोप आला होता, "तुमची वस्ती ओढ्याच्या पल्याड. मागच्या पावसाळ्यात तुमची गाडी दुधाच्या कॅनांसकट ओढ्यात अडाकली हुती. बाळंतिणीला घिऊन अडाकली तर? पोर हितंच राहू द्या."

सहादेवला हे भलतंच झोंबलं. मनातल्या मनात त्याने आढ्याला पाळणा टांगूनही टाकला होता. दाराशी गाडी असून पोरीला माहेर मिळू नये, म्हणजे काय?

गॅरेजला येण्याआधी, गाडी उचलावी की नाही, यावर वस्तीवर खल झाला होता. मालट्रक चालवलेला श्रीमंत नावाचा गडी म्हणाला, उचला. दुसरा कोणी म्हणाला, खडकच फोडा. फोडायला गेले तेव्हा पहारी बोथट झाल्या, खडक हलला नाही. ज्याला धड सायकल येत नव्हती त्यानेही आपलं मत दिलं. सहादेवने ऐकलं सगळ्यांचं आणि केलं मनाचं. त्याचा स्वभावच तसा, एकदा डोक्यात आलं की आलं.

शेवटपर्यंत विरोध केला तो एकट्या छबूबाईने, त्याच्या बायकोने.

"हाय तशीच बरी हाय गाडी," ती ओट्यावर टेकत म्हणाली. "आन व्याही म्हनत्यात तर राहू द्या की पोरीला तितंच. मानसं चांगली हायेत."

"तू आई हायेस का कोन?" सहादेव उसळला. "लोक काय म्हनतील? पयल्या बाळंतपनाला आईनं पोरीला घरी आनलं न्हाई म्हनतील!"

शेजारच्या रंगुबाईने छबूबाईची घागर आत नेऊन ठेवली आणि जाताना सहादेवकडे असं काही बघितलं, की बायकांची एकी त्याला तिथेच कळली.

गॅरेजमधून गाडी परत आली ती मान ताठ करून. पोरंटोरं तिच्याखालून वाकून आरपार बघू लागली. सहादेवची छाती गाडीपेक्षा जास्त वर आली होती.

"बस गं पुढं," तो छबूबाईला म्हणाला. "ओढ्यातनं एक चक्कर मारून आनतो."

"एवढ्या उंचावर न्हाई चढायचं मला," ती हसून म्हणाली. "तुमीच जावा."

रुसली आहे, सहादेवने ओळखलं. नातू मांडीवर आला की रुसवा आपोआप जाईल. त्याने मागे कांद्याच्या गोण्या टाकल्या आणि थेट वांबोरी गाठली. पुंजारामांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं.

"गाडीला नावं ठिवली न्हवं? आता सोताच्या डोळ्यानं बघा."

ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. सहादेवने गाडी हळूच आत घातली. खडक आला, पुंजारामांनी दारावरची पकड घट्ट केली, मागची चाकं क्षणभर घुटमळली आणि गाडी डौलात पलीकडच्या काठावर चढली. खाली कुठे खुट्टसुद्धा झालं नाही.

सहादेवने इंजिन बंद केलं. आनंदाने त्याला काय करू नि काय नको असं झालं होतं.

"बोला पाव्हनं! लागला का खडाक?"

"न्हाई."

"कुटं अडाकली?"

"कुटंच न्हाई."

"मग कवा धाडताय माजी लेक?"

पुंजारामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. जिंकलेल्या माणसाकडे बघावं तसं ते सहादेवकडे बघत नव्हते.

"सहादेवराव, गाडीत खोट कदीच न्हवती."

"मंग? अडवून कामून धरलं हुतं?"

"कुनाला सांगायचं न्हाई म्हनून शपथ घातली हुती मला. पर आता तुमी निमित्तच ठिवलं न्हाई." पुंजाराम वस्तीकडे बघत म्हणाले. "त्यो निरोप माजा न्हवता. तुमच्या छबूबाईंनी रंगुबाईच्या हाती मला सांगावा धाडला हुता. म्हनल्या, 'चार पावलं चाललं का छातीत कळ येती, डोळ्याफुडं अंधारी येती. माज्याच्यानं पोरीचं बाळंतपन निभायचं न्हाई. पर आईनं न्हाई कसं म्हनावं? तुमीच आमच्या गाडीला नावं ठिवा.'"