माशांचं पाणी

म्हातारीने बाही वर सारली आणि कोपर बादलीत बुडवलं. किटलीतलं आणखी थोडं आधण ओतलं, ढवळलं, पुन्हा कोपर बुडवलं. आता जमलं. पोळतही नव्हतं आणि गारही लागत नव्हतं. सूतिकागृहात आया म्हणून तिचा उभा जन्म गेला होता. हात आता कापायचे, पण कोपराची पारख तशीच होती.

मुलगा कामावर जाताना बायकोला बजावून गेला होता, "माशांचं पाणी मी संध्याकाळी बदलीन. तू वाकू नकोस." सुनेला आठवा महिना होता. ती भाजी आणायला खाली उतरली आणि म्हातारीने संधी साधली.

काल जेवताना दोघांचं बोलणं तिच्या कानावर पडलं होतं. बाळाला न्हाऊमाखू घालायला एक बाई बघून ठेवली होती. "आईंचे हात कापतात रे," सून हळूच म्हणाली होती. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं. मासे तरी नीट सांभाळून दाखवावेत, असं म्हातारीने रात्रीच मनाशी ठरवलं होतं.

मुलगा करायचा तसं तिने नळी लावून टाकीतलं निम्मं पाणी काढलं. रोपं उखडू नयेत म्हणून वाळूवर ताटली ठेवली आणि तिच्यावर मगाने धार सोडत बादलीतलं पाणी आत घातलं. पाणी भरत गेलं तशी आडवी झालेली रोपं एकेक करून उभी राहिली. म्हातारीला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मासे सैरावैरा धावायला लागले.

"खेळा, खेळा," ती म्हणाली.

मग ते सगळेच्या सगळे वर आले आणि पाण्याला तोंड लावून धापा टाकू लागले. तेव्हा मात्र ती मग खाली ठेवून काचेशी वाकली.

सून दारातच पिशवी टाकून आत आली. "आई! काय घातलंत टाकीत?"

"पाणीच गं. थंडीचे दिवस, म्हटलं जरा कोमट करून..."

सुनेने काचेला चिकटवलेल्या थर्मामीटरवर बोट ठेवलं. "बत्तीस झालंय! पंचवीस लागतं त्यांना." तिने टाकीच्या हीटरची पिन उपटली, वरचं झाकण काढलं आणि टेबलफॅन पाण्याच्या अंगावर लावला. म्हातारी तोवर बाल्कनीत धावली. माशांसाठी तिथे पिंपात पाणी साठवलेलं असायचं. ती दुसरी बादली भरून घेऊन आली आणि टाकीत रिकामी करणार, तोच सुनेने तिचं मनगट धरलं.

"एकदम नको! आधी भाजलंत, आता गारठवायचंय का? पेल्याने घालू. हळूहळू."

दोघी टाकीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. एक पेला घालायचा, थांबायचं, आकडा बघायचा, मग दुसरा. भरून वाहील असं वाटलं की नळीने थोडं काढायचं. म्हातारीचा पेला हिंदकळे आणि निम्मं पाणी फरशीवर सांडे. सुनेला ते दिसत होतं. ती आपला पेला भरत राहिली.

"तुझ्या नवऱ्यालासुद्धा एवढ्या लाडाने न्हाऊ घातलं नव्हतं मी," म्हातारी म्हणाली.

"दिसतंय ते," सून म्हणाली. तिला हसू आलं होतं, पण तिने ते आकड्यावर नजर ठेवून जिरवलं.

आकडा उतरत गेला. मासेही एकेक करून खाली आले आणि रोपांच्या पानांआड शिरले. एक तेवढा कडेला आडवा तरंगत राहिला. सुनेने जाळीने त्याला बाहेर काढलं, तळहातावर घेऊन थोडा वेळ पाहिलं.

"हा गेला."

म्हातारीने मान खाली घातली. "नवऱ्याला काय सांगशील?"

"सांगेन, आम्ही दोघींनी पाणी बदललं, एक मासा गेला."

"दोघींनी कुठे? मी एकटीने घोळ घातला."

"मग इतका वेळ मी काय इथे शोभेला उभी होते?" सुनेने जाळी बाजूला ठेवली. "पण एवढं गरम केलंत कसं? हात घालून बघितलं नाहीत?"

"कोपर घातलं. हाताला घट्टे पडलेत गं, त्याला काय कळतंय! नुकत्या जन्मलेल्या पोरांचं पाणी कोपरानेच बघायचं." तिचा आवाज उतरला. "हे मासे आहेत, एवढं ध्यानात यायला हवं होतं. म्हातारपण, दुसरं काय!"

सुनेने एक हात कमरेवर ठेवून स्टूल ओढलं आणि सावकाश बसली. उभं राहून राहून तिची पावलं सुजली होती, चपलेच्या पट्ट्यांचे वळ उमटले होते. समोरच म्हातारीची ती पहिली बादली होती, तळाशी वीतभर पाणी उरलेलं. सुनेने एक पाऊल आत सोडलं, मग दुसरं. तिचे खांदे सैल झाले. डोळे आपोआप मिटले.

म्हातारी फडकं घेऊन फरशी पुसत राहिली. पुसून झालेली फरशीही तिने पुन्हा पुसली.

"आई."

"काय गं?"

"हे गार होत चाललंय," डोळे न उघडता सून म्हणाली. "मघाशी केलं होतंत ना, तसंच करून द्या."