नव्याच्या ओळीत

"केमोनं वरची गाठ आटते, वसंतराव. पण मुळाशी काही चिवट पेशी उरतात, त्याच पुन्हा फुटतात. हे नवं औषध नेमकं त्यांच्यावर आहे," डॉ. आकांक्षा म्हणाल्या. "पण अजून ट्रायल चालू आहे. केमो सगळ्यांनाच. वर नवं औषध निम्म्यांना, उरलेल्यांना साधं सलाईन."

"मला कोणतं?"

"ते तुम्हालाही कळणार नाही, मलाही नाही. बाटलीवर नुसता नंबर असतो."

वसंतराव गालात हसले. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा पेशंट हसला म्हणून डॉक्टरांना बरं वाटलं.

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत वसंतरावांनी एकतीस वर्षं ट्रायलचे प्लॉट सांभाळले होते. तिथंही पाकिटावर नुसता नंबर असे. नव्या वाणाशेजारी तुलनेला जुन्या वाणाची ओळ. कोणती ओळ कशाची, हे साहेबांना माहीत नसे. पाकिटं भरणाऱ्या, पाणी सोडणाऱ्या वसंतरावांना असे. नव्याला ते दोन पाणी जास्त देत. एकतीस वर्षांत नवं वाण एकदाही हरलं नाही.

"सही उद्या करतो," म्हणून ते उठले. बाहेर येऊन बायकोला, मालनबाईला हळूच म्हणाले, "इथं सलाईन कोण लावतं, त्येवढं बघ."

फहीम लावत होता. सकाळी वसंतराव मोसंब्यांची पिशवी घेऊन त्याच्यापुढं उभे राहिले.

"फहीमभाई, मीबी ह्याच लाईनीतला. नव्याच्या ओळीत घाल मला."

"मोसंब्या घेऊन जा, काका. ह्या हप्त्यात तुम्ही चौथे." फहीमनं स्टँडकडं बोट केलं. दोन बाटल्या लटकत होत्या, दोन्हींवर काळ्या पिशव्या. "खालच्या फार्मसीतून झाकूनच येतात. मला बिलकुल मालूम न्हाई."

"खरं सांग."

"अल्ला कसम."

वसंतरावांनी त्याच्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. खोटं बोलणारा गडी ते बांधावरून ओळखत. हा खरं बोलत होता.

ते बाकावर येऊन बसले.

"काय म्हणला?" मालनबाईनं विचारलं.

"खरंच कोणालाच म्हाईत न्हाई."

"मंग चांगलंच हाये की. लबाडी न्हाई."

वसंतरावांनी मोसंब्यांची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली.

"अगं, लबाडी न्हाई तर काय निघंल, ह्याचा भरोसा काय?"