दाराचं कुलूप

तुंगुराहुआ ज्वालामुखीच्या पोटात सकाळपासून गुरगुर चालली होती. झऱ्याचं पाणी कोमट झालं होतं आणि अंगणात राख पडायला लागली होती. घरांना कुलपं घालून आम्ही सगळे सैन्याच्या बसमध्ये चढलो. एर्मेलिंदाआजी मात्र दार सताड उघडं टाकून, टेबलावर बटाट्याच्या सुपाचं भांडं झाकून ठेवून आल्या.

बसपाशी उभा असलेला शिपाई हसला. "काय आजी, चोरांना जेवायचं आमंत्रण दिलंय वाटतं?"

"चोर कसले रे! इथली माणसं कुठे दम धरतात? गुरांपायी चोरून परत येतातच." आजी बसच्या पायरीवर थांबल्या. "मागच्या खेपेला माझा नवरा असाच आला होता, मला न सांगता. गाईची कास तटतटली असेल, म्हणून दूध काढायला. आणि वरून तापलेले दगड बरसायला लागले. नंतर तो आमच्या बंद दारापाशीच सापडला. किल्ली माझ्या शालीच्या गाठीत होती."

शिपायानं हात देऊन आजींना वर चढवलं.

बस सुटायला उशीर झाला. आम्ही सगळे आपापल्या घराचं कुलूप काढायला खाली उतरलो होतो.